एकाच फ्रिक्वेन्सीचा जुना मॉनिटर लिनक्स कॉम्प्युटरला जोडताना

इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅड लॅबमधून, छापखान्यांतून आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निघालेले २०-२१ इंची जड काचेचे मॉनिटर जळगाव, धुळे, भुसावळकडे अजून हाताला लागतात. त्यातले बरेच सन, सिलिकॉन ग्राफिक्स, एचपी, डेक अशा कंपन्यांच्या वर्कस्टेशनसोबत (कॅडसारख्या जड कामाच्या कॉम्प्युटरसोबत) आलेले असतात आणि ते एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. साधा मॉनिटर कॉम्प्युटर देईल त्या सिग्नलशी जुळवून घेतो. हा घेत नाही. त्याला हवा तोच सिग्नल कॉम्प्युटरने द्यायचा, आणि तोही मॉनिटर चालू असेल त्या प्रत्येक क्षणी.

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. डेस्कटॉपचं चित्र आलं की काम झालं असं समजतात. मग दोन आठवड्यांनी लाइट जाऊन येते, कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो, मॉनिटरला भलताच सिग्नल जातो आणि त्याचा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर उडतो. म्हणून खालचा क्रम बदलू नका. मॉनिटरला पॉवर देण्याची वेळ सातव्या टप्प्यावर येते, त्याआधी नाही.

कमांड, फाइलींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत. कॉम्प्युटरवर ते नेहमीसारखे रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करा.

आधी जमवायच्या गोष्टी

हर्ट्झ मोजणारा डिजिटल मल्टीमीटर, नेहमीचा चालू स्थितीतला व्हीजीए मॉनिटर, अ‍ॅनालॉग आउटपुट असलेलं ग्राफिक्स कार्ड, ७५ ओहमची कोअ‍ॅक्सिअल केबल आणि मॉनिटरच्या सॉकेटला बसणारा प्लग एवढं लागतं. मल्टीमीटर किमान १०० किलोहर्ट्झपर्यंत मोजणारा असावा. साधे व्हीजीए प्लग, सोल्डर, आयसी जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मिळू शकतात. वर्कस्टेशनचा खास १३डब्ल्यू३ प्लग मात्र बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. मॉनिटर घेतानाच त्याची मूळ केबल मागून घ्या. पुष्कळदा ती भंगारात वेगळी टाकलेली असते आणि ती मिळाली तर अर्धं काम वाचतं.

दुसरा मॉनिटर हवाच. जुन्या मॉनिटरवर बायोस दिसणार नाही, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू दिसणार नाही आणि काही बिघडलं तर चूक सांगणारा संदेशही दिसणार नाही. दुसरा मॉनिटर नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने आत शिरण्याची सोय आधी करून ठेवा.

१. सॉकेट पाहून मॉनिटर ओळखा

मागे नऊ पिनांचं छोटं सॉकेट असेल तर थांबा. तो बहुधा एमडीए, सीजीए किंवा ईजीए काळातला टीटीएल मॉनिटर आहे. त्याला डिजिटल सिग्नल लागतो, व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल त्याला चालत नाही. या जातीची हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सीही (सेकंदाला किती आडव्या ओळी काढायच्या तो आकडा) फार खाली असते: सीजीएला १५.७, एमडीएला १८.४ आणि ईजीएला २१.८ किलोहर्ट्झ. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

बीएनसी सॉकेट असतील तर ती मोजा. पाच म्हणजे लाल, हिरवा, निळा आणि दोन सिंक (ओळ आणि पूर्ण चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारे सिग्नल) वेगवेगळे. चार म्हणजे दोन्ही सिंक एका तारेत एकत्र, म्हणजे कॉम्पोझिट सिंक. तीनच असतील तर सिंक हिरव्या रंगाच्या तारेतूनच येतो.

१३डब्ल्यू३ सॉकेटमध्ये तीन जाड कोअ‍ॅक्सिअल पिना आणि दहा बारीक पिना असतात. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स या दोघांनीही हेच सॉकेट वापरलं, पण बारीक पिनांची मांडणी वेगळी ठेवली. सनच्या मांडणीत कॉम्पोझिट सिंक ५ नंबरला आहे, सिलिकॉन ग्राफिक्सच्या मांडणीत ३ नंबरला. त्यामुळे "१३डब्ल्यू३ ते व्हीजीए" एवढंच नाव पाहून तयार अ‍ॅडॅप्टर घेऊ नका, कोणत्या कंपनीच्या मांडणीचा आहे ते विचारा.

*तपासा:* मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढलेला असताना प्रत्येक रंगाच्या इनपुटची मधली पिन आणि बाहेरचं आवरण यांच्यात मल्टीमीटरने ओहम मोजा. ७५ च्या आसपास यायला हवं. काहीच येत नसेल आणि मागे "७५ ओहम / हाय-झेड" असा स्विच असेल तर तो ७५ वर करा. तिन्ही रंगांत एकच वेगळा दिसत असेल तर तिथे आधीच बिघाड आहे.

*सावधान:* मागचं कव्हर उघडू नका. मोठ्या रंगीत पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहतो. या कामात कव्हर उघडण्याची गरज कुठेच पडत नाही.

२. फ्रिक्वेन्सीचा आकडा नक्की करा

अंदाजाने चालत नाही. मागच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून सर्व्हिस मॅन्युअल किंवा तपशीलपत्रक शोधा आणि तीन आकडे लिहून घ्या: रिझोल्यूशन, हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी आणि व्हर्टिकल फ्रिक्वेन्सी. नेहमी आढळणाऱ्या जोड्या अशा. सनचे अनेक मॉनिटर ११५२ बाय ९०० वर, हॉरिझॉन्टल ६१.८ किलोहर्ट्झ आणि व्हर्टिकल ६६ हर्ट्झवर चालतात. एचपीच्या बऱ्याच मॉनिटरांना १२८० बाय १०२४ वर ७८.१ किलोहर्ट्झ आणि ७२ हर्ट्झ लागतात. पण तुमचा मॉनिटर त्याच कंपनीचा आहे म्हणून त्याचा आकडा तोच असेल असं धरू नका, एकाच कंपनीने दोन-तीन वेगळ्या फ्रिक्वेन्सींचे मॉनिटर विकले आहेत.

मॉनिटरसोबतचं मूळ वर्कस्टेशन चालू अवस्थेत मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही. त्याची हॉरिझॉन्टल सिंकची तार वेगळी असेल तर तिच्यावर मल्टीमीटर हर्ट्झवर लावा, खरा आकडा समोर येतो.

लेबलवरचा व्होल्टेजही आत्ताच वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० असतं. फक्त ११० किंवा १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर लावायचा नाही.

हॉरिझॉन्टलमध्ये हे मॉनिटर सहसा अर्धा ते एक किलोहर्ट्झ इकडे-तिकडे सोसतात, व्हर्टिकलमध्ये थोडं जास्त. ही सवलत नशिबावर सोडा. नेम मात्र बरोबर आकड्यावरच धरा.

३. कार्ड आणि केबल

व्हीजीए सॉकेट किंवा डीव्हीआय-आय आउटपुट असलेलं जुनं कार्ड सगळ्यात सोयीचं. एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून अ‍ॅनालॉग आउटपुट काढून टाकलं, म्हणून त्याआधीचं बघा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारे छोटे कन्व्हर्टर काही वेळा चालतात, पण काही कन्व्हर्टर वेगळ्या टाइमिंगला नकार देतात. पहिल्या प्रयत्नात तरी ते मधे आणू नका. चित्र आलं नाही तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

ड्रायव्हर कर्नलमधलाच (लिनक्सच्या गाभ्यातलाच) ओपन सोर्स ठेवा: इंटेल, रेडिऑन किंवा नूव्हो. एनव्हिडियाचा स्वतःचा, ओपन सोर्स नसलेला ड्रायव्हर हाताने दिलेली टाइमिंग बऱ्याचदा नाकारतो.

व्हीजीए प्लगवर १, २, ३ या पिना लाल, हिरवा, निळा. त्यांचे परतीचे मार्ग अनुक्रमे ६, ७, ८. हॉरिझॉन्टल सिंक १३ आणि व्हर्टिकल सिंक १४. ग्राउंड ५ आणि १०. तिन्ही रंगांना स्वतंत्र कोअ‍ॅक्सिअल तार हवी आणि प्रत्येकीचं आवरण तिच्याच परतीच्या पिनेला. साध्या रिबन केबलने किंवा टेलिफोनच्या तारेने चित्र येतं, पण प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे सावली पडते.

४. सिंक जुळवा

पाच बीएनसी असतील तर हा टप्पा नाहीच, तारा सरळ जोडा.

कॉम्पोझिट सिंक हवा असेल तर ७४एचसीटी८६ ही काही रुपयांची आयसी पुरते. साधी एचसी जात न घेता एचसीटीच घ्या. कार्डाचा सिंक पूर्ण ५ व्होल्टचा नसला तरी ती तो नीट ओळखते. जोडणी अशी: १४ नंबरला यूएसबीमधून ५ व्होल्ट, ७ नंबरला ग्राउंड, दोन्हींच्या मधे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन १ ला हॉरिझॉन्टल सिंक, २ ला व्हर्टिकल सिंक, ३ वर एकत्र झालेला सिंक मिळतो. वापरात नसलेल्या इनपुट पिना ४, ५, ९, १०, १२, १३ ग्राउंडला जोडा, मोकळ्या सोडू नका.

इथली एक खुबी न कळल्याने पुष्कळ जण अडकतात. बहुतेक मॉनिटरांना कॉम्पोझिट सिंक निगेटिव्ह लागतो, म्हणजे एरवी वर आणि पल्सच्या वेळी खाली. ही आयसी दोन इनपुट वेगळे असले की वर जाते आणि सारखे झाले की खाली येते. दोन्ही सिंक निगेटिव्ह ठेवले तर बाहेर उलटा, पॉझिटिव्ह सिंक मिळेल. हॉरिझॉन्टल पॉझिटिव्ह आणि व्हर्टिकल निगेटिव्ह ठेवा, मग निगेटिव्ह कॉम्पोझिट सरळ मिळतो. ही निवड पुढे मोडलाइनच्या, म्हणजे सिग्नलचे सगळे आकडे सांगणाऱ्या ओळीच्या, शेवटी लिहायची आहे.

सिंक हिरव्यावर हवा असेल तर वरचाच एकत्र सिंक ५६० ओहमच्या रेझिस्टरमधून हिरव्या तारेला, म्हणजे व्हीजीएच्या २ नंबरला जोडा. हिशोब असा: कार्डातले ७५ आणि मॉनिटरमधले ७५ ओहम समांतर येऊन ३७.५ होतात. ५ व्होल्टचा सिंक ५६० ओहममधून तिथे साधारण ०.३ व्होल्ट वाढवतो आणि पल्सच्या वेळी तेवढंच खाली ओढतो. हिरव्यावरच्या सिंकची प्रमाण उंची तेवढीच आहे, चित्राचा ०.७ व्होल्ट त्याच्यावर बसतो. या वेळी आयसीवर भार जास्त पडतो, म्हणून दुसरा गेटही समांतर जोडा: पिन ४ पिन १ ला, ५ पिन २ ला आणि ६ पिन ३ ला. अर्थात, मग ४ आणि ५ ग्राउंडला जोडायच्या नाहीत.

*तपासा:* प्लग लावण्याआधी आयसीची ५ व्होल्टची पिन आणि रंगांच्या तारा यांच्यात कुठेही शॉर्ट नाही हे बीपरने पाहा. कार्डाच्या आउटपुटवर सरळ ५ व्होल्ट गेले तर कार्ड जातं.

५. मोडलाइनचं गणित

पिक्सेल क्लॉकला एका ओळीतल्या एकूण पिक्सेलांनी भागलं की हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी येते. तिला एकूण ओळींनी भागलं की व्हर्टिकल. "एकूण"मध्ये दिसणारे पिक्सेल आणि कडेची न दिसणारी जागा दोन्ही येतात.

सनचं उदाहरण घेऊ. एकूण पिक्सेल १५०४, एकूण ओळी ९३७, पिक्सेल क्लॉक ९२.९४ मेगाहर्ट्झ. ९२.९४ भागिले १५०४ म्हणजे ६१.८ किलोहर्ट्झ. त्याला ९३७ ने भागलं की ६५.९५ हर्ट्झ. सुरुवातीची मोडलाइन अशी लिहिता येते:

९२.९४ ११५२ ११७६ १३०४ १५०४ ९०० ९०२ ९०६ ९३७ प्लस-एचसिंक मायनस-व्हीसिंक

पहिला आकडा पिक्सेल क्लॉक. पुढचे चार आडवे: दिसणारे पिक्सेल, सिंकची सुरुवात, सिंकचा शेवट, एकूण. नंतरचे चार उभे, त्याच क्रमाने. एचपीच्या ७२ हर्ट्झसाठी क्लॉक १३५, एकूण पिक्सेल १७२८ आणि एकूण ओळी १०८५ धरल्या की ७८.१२५ किलोहर्ट्झ आणि ७२ हर्ट्झ जुळतात.

*नेहमीची चूक:* सीव्हीटी किंवा जीटीएफ या कमांडने मोडलाइन काढून तीच वापरणं. ही साधनं रिझोल्यूशन आणि व्हर्टिकल आकडा घेतात, हॉरिझॉन्टल स्वतःच्या सूत्राने ठरवतात. इथे पाळायचा आकडा हॉरिझॉन्टलचा आहे. सीव्हीटीचं उत्तर घ्यायचंच तर पिक्सेल क्लॉक आणि एकूण पिक्सेल हाताने बदलून हॉरिझॉन्टल नेमकं जुळवा.

६. नेहमीच्या मॉनिटरवर आधी चाचणी

जुना मॉनिटर अजून बंदच. साधा मॉनिटर लावा आणि एक्सऑर्गवर चालणारा डेस्कटॉप घ्या. मिंट किंवा डेबियनचा एक्सएफसीई सोयीचा. वेलँड या दुसऱ्या डिस्प्ले पद्धतीवर पुढची रीत चालत नाही.

एक्सरँडर ही कमांड नुसती चालवून आउटपुटचं नाव पाहा, बहुधा व्हीजीए-१ असेल. मग तिच्याच न्यूमोड पर्यायाला मोडचं नाव आणि मोडलाइनचे सगळे आकडे द्या. अ‍ॅडमोडने तो मोड त्या आउटपुटला जोडा. शेवटी आउटपुट आणि मोड हे दोन पर्याय एकत्र देऊन तो चालू करा.

आता साध्या मॉनिटरच्या मेनूतलं माहितीचं पान उघडा. बहुतेक मॉनिटर तिथे येणारी फ्रिक्वेन्सी दाखवतात. ६१.८ किलोहर्ट्झ आणि ६६ हर्ट्झ दिसले की मोडलाइन बरोबर आहे. मॉनिटर "रेंजच्या बाहेर" म्हणाला तर १३ नंबरच्या पिनेवर मल्टीमीटरने हर्ट्झ मोजा. एक्सरँडरचा व्हर्बोज पर्यायही आकडा दाखवतो, पण मोजलेल्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवा.

७. पहिली जोडणी

मोड चालू असतानाच साध्या मॉनिटरची केबल काढा, जुन्याची लावा आणि मगच जुन्या मॉनिटरचं बटण दाबा. हात बटणावरच ठेवा, कान मॉनिटरकडे. ट्यूब तापायला काही सेकंद लागतात. बारीक शिट्टीसारखा आवाज आला, तडतड ऐकू आली किंवा जळका वास आला तर ताबडतोब बंद करा. फ्रिक्वेन्सी कमी पडली की हॉरिझॉन्टल सर्किटमधला करंट वाढतो आणि ट्रान्झिस्टर तापतो. तिथे "अजून जरा बघू" म्हणायला जागा नाही.

तिरप्या रेषा किंवा एकाच चित्राचे दोन-तीन तुकडे दिसले तर हॉरिझॉन्टल चुकलं आहे किंवा सिंक पोचतच नाही. लगेच बंद करून मोजमापापासून पाहा. चित्र फाटत नसेल पण वर-खाली सरकत असेल तर दोष व्हर्टिकल सिंकचा. सगळं हिरवट दिसत असेल तर गरज नसताना हिरव्यावर सिंक दिला आहे.

चित्र एका बाजूला सरकलेलं असेल तर एकूण पिक्सेलला हात लावू नका. सिंकची सुरुवात आणि शेवट हे दोन्ही आकडे आठ-आठ पिक्सेलांनी हलवा. कमी केले की चित्र उजवीकडे जातं, वाढवले की डावीकडे. चित्राची कड स्वतःवरच दुमडलेली दिसत असेल तर ट्यूबला परतायला वेळ कमी पडतो आहे. अशा वेळी दिसणारे पिक्सेल १६ ने कमी करा, एकूण तेवढेच ठेवा.

८. कर्नलपासूनच तो मोड

एक्सरँडरचा मोड रीस्टार्टनंतर राहत नाही. लॉगिनचा पडदा आणि काळा कन्सोलही वेगळाच मोड घेतात. म्हणून मॉनिटरची ओळख सांगणारी ईडीआयडी फाइल आपणच द्यायची. मोडलाइनवरून ती बनवणारी एडिड-जनरेटर ही मोफत स्क्रिप्ट आहे. फाइल १२८ बाइटची होते. त्यात पिक्सेल क्लॉक १० किलोहर्ट्झच्या पटीतच साठवता येतो, म्हणून क्लॉक दशांशानंतर दोनच आकड्यांत लिहा. तयार फाइल एडिड-डीकोड या कमांडने वाचून हॉरिझॉन्टल पुन्हा पडताळा.

मग ती लिब फोल्डरमधल्या फर्मवेअरच्या आत एडिड नावाचं फोल्डर करून ठेवा. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत दोन गोष्टी जोडा: डीआरएम-डॉट-एडिड-अंडरस्कोअर-फर्मवेअर या पर्यायाला आउटपुटचं नाव, कोलन (दोन टिंबं) आणि फाइलचा मार्ग, आणि व्हिडिओ या पर्यायाला आउटपुटचं नाव, कोलन आणि छोटं ई. हे ई म्हणजे "काही जोडलेलं दिसलं नाही तरी आउटपुट चालूच ठेव". नंतर अपडेट-ग्रब चालवा.

दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक, कर्नलमधलं आउटपुटचं नाव एक्सरँडरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. खरं नाव सिस फोल्डरातल्या क्लास, डीआरएम या जागी दिसतं. दोन, ग्राफिक्स ड्रायव्हर इनिटरामएफएसमधून (सुरुवातीलाच मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टीममधून) आधीच चढत असेल तर त्या वेळी ईडीआयडी फाइलही तिथे हवी. ती हुक (फाइल आत टाकणारी छोटी स्क्रिप्ट) लिहून आत घाला आणि अपडेट-इनिटरामएफएस चालवा.

*तपासा:* साधा मॉनिटर लावून रीस्टार्ट करा. लॉगिनचा पडदा आणि कंट्रोल-अल्ट-एफ३ चा कन्सोल, दोन्ही ठिकाणी मॉनिटरचा मेनू तीच फ्रिक्वेन्सी दाखवतो का ते पाहा. डीमेसग या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये ईडीआयडीबद्दल चूक दिसत असेल तर जुना मॉनिटर लावू नका.

९. रोजचा चालू-बंद क्रम

कर्नल चढण्याआधीचा काळ तुमच्या हातात नाही. बायोसचा पडदा बहुधा ३१.५ किलोहर्ट्झचा असतो, ग्रबचाही वेगळाच. म्हणून कॉम्प्युटर आधी, लॉगिनपर्यंत जाऊ द्या, मग मॉनिटर. बंद करताना मॉनिटर आधी. रीस्टार्ट म्हणजेही आधी मॉनिटर बंद.

लोडशेडिंगच्या भागात हा नियम माणसाच्या आठवणीवर सोडू नका. बायोसमध्ये "पॉवर गेल्यानंतर" ही सेटिंग बंदवर ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू होणार नाही. या मॉनिटरांचं बटण बहुतेक वेळा दाबलेलंच राहणारं असतं, त्यामुळे त्यांना बोर्डावर वेगळा स्विच द्या. दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवायचे तर क्षमता पाहून घ्या. सुरू होताना डीगॉसच्या (ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या) कॉइलमुळे करंटचा झटका बसतो आणि छोटा यूपीएस तिथेच ट्रिप होतो. रात्री व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या फीडरवर स्टॅबिलायझर लावा.

डीपीएमएस बंद करा. मॉनिटर झोपवण्यासाठी कॉम्प्युटर सिंकच काढून घेतो आणि या मॉनिटरांना ती खूण कळत नाही. एक्ससेट कमांडला मायनस-डीपीएमएस द्या, डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्येही तेच करा. पडदा काळा करणारा स्क्रीनसेव्हर चालतो, कारण त्यात सिंक सुरूच राहतो. पूर्ण पडद्यावर रिझोल्यूशन बदलणारे गेम या कॉम्प्युटरवर नकोत.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. मॉनिटरच्या वरच्या जाळीवर कापड, वह्या, काहीही ठेवू नका आणि मागे हातभर जागा सोडा. कूलरची ओली हवा थेट मॉनिटरवर येऊ देऊ नका. अ‍ॅनोडभोवती धूळ आणि ओल एकत्र आली की हाय व्होल्टेज गळायला लागतं आणि सूं-सूं असा आवाज येतो. तो ऐकू आला तर मॉनिटर बंद करून दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. आवाज तरीही राहिला तर टीव्हीच्या ईएचटीचं, म्हणजे हाय व्होल्टेज भागाचं, काम करणाऱ्या अनुभवी मेकॅनिककडे न्या.